तालुक्यात स्त्री-आरोग्याची संघटना कशी उभी करायची: ओसरीवरच्या पहिल्या बैठकीपासून पुढे

"ताई, संस्था काढायचीय. नोंदणीला किती खर्च येतो?" महिन्यातून एक तरी फोन असा येतोच. फोन करणारी बहुधा नुकतीच समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेली असते, नाहीतर बचत गटाची अध्यक्ष, नाहीतर दवाखान्यातली नोकरी सोडलेली नर्स. मी उलट विचारते, तुझ्या गावातल्या किती जणींची गर्भपिशवी काढलीय, माहीत आहे का? पलीकडे शांतता. मग सांगते, आधी ते माहीत करून घे, नोंदणीचं नंतर बघू.

मी मराठवाड्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या एका तालुक्यात काम करते. दरवेळी फोनवर तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय. नोंदणी, लेटरहेड, बँक खातं या गोष्टी इथे बऱ्याच खाली येतील. त्या वर आणून ज्यांनी सुरुवात केली, त्यांच्या पाट्या मी गंजलेल्या पाहिल्यात.

पहिलं वर्ष: नुसतं बसायचं

बैठकीची जागा ठरवताना पहिली चूक होते. लोक देवळाचा सभामंडप सुचवतात, कारण तो मोठा आणि फुकट असतो. पण ज्या पाळीवर बोलायचं, तीच सुरू असलेली बाई देवळात पाय ठेवत नाही. ग्रामपंचायतीच्या हॉलबाहेर कायम चार-सहा पुरुष बसलेले असतात. अंगणवाडी बरी, पण ती दुपारनंतर मिळते आणि तिला खिडक्या असतात. आम्हाला सगळ्यात लाभली ती एका म्हातारीची ओसरी. दार लोटलं की बंद, आणि उंबऱ्यावर ती स्वतः बसलेली. ती असताना कोणाची आत डोकवायची टाप नव्हती.

वेळही गावाची धरायची. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत अर्धं गाव ऊस तोडायला साखर कारखान्यांवर असतं. म्हणजे बैठकांचा खरा हंगाम पावसाळा. पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रकल्पात 'जानेवारी ते मार्च: गावपातळीवर जाणीवजागृती' असं छापलेलं दिसलं की मला हसू येतं. त्या तीन महिन्यांत गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं असतात.

पहिल्या बैठकीत "तुम्हाला काय त्रास आहे?" असं विचारू नका. सगळ्या "काही नाही" म्हणतात आणि पदर तोंडाला लावतात. आम्ही विचारायला लागलो, "तुमच्या आईची बाळंतपणं किती झाली? त्यातली जगली किती?" आईबद्दल बाई बोलते. आईवरून सासूवर येते, सासूवरून जावेवर, आणि तासाभराने कोणीतरी हळूच म्हणतं की मलाही पांढरं जातंय, लई दिवसांपासून. सासवांना टाळायचं नाही, उलट पहिलं बोलावणं त्यांना. सासूला तिचं स्वतःचं बाळंतपण विचारलं की सुनेला यायला परवानगी लागत नाही.

ऐकून काय निघू शकतं, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्या काळी बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन एवढंच सरकारी कागदावर असायचं. उरलेल्या आयुष्यातलं दुखणं जगापुढे आलं ते दोन गावांतून. तुमच्याकडे डॉक्टर नसतील, तरी दोन गावं नीट समजून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

कापडाची पिशवी

आमच्या कामाला ज्या एका वस्तूने पाय फुटले, ती शिवायला पन्नास रुपयेसुद्धा लागत नाहीत. जुन्या परकराचं कापड, आत कापूस, आणि सुईदोरा. गर्भपिशवी उलट्या धरलेल्या पेरूएवढी. दोन्ही बाजूंना बोटाएवढ्या लांबीच्या बारीक नळ्या, त्यासाठी नाडीचे तुकडे चालतात. टोकाला बदामाएवढी बीजकोषं. खाली पिशवीचं तोंड, त्याला लाल धाग्याचा गोल टाका. योनीमार्गासाठी ब्लाऊजची बाही. मापं बरोबर घ्या, कारण सगळा खेळ मापाचाच आहे.

ही पिशवी पहिल्यांदा ओसरीवर फिरवली तेव्हा एकीने तळहातावर घेऊन विचारलं, "एवढीशीच? मला वाटायचं कळशीएवढी असंल." दुसरी गप्प होती. तिची पिशवी सव्विसाव्या वर्षी काढली होती. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणला सडलीय, काढली नाही तर कॅन्सर हुईल. मालकाला ट्रेमधी दाखवली. ते म्हणले, रक्तानं भरलेली होती." मग तिने कापडाची पिशवी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "पण पाळी येणाऱ्या बाईच्या पिशवीत रक्त नाहीतर काय असणार?"

ओसरीवर त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मी तर नाहीच.

मॉडेल विकत मिळतं, प्लास्टिकचं, लाल-निळं, कप्प्याकप्प्यांत उघडणारं. आमच्याकडे एक आहे, कपाटात. त्याला बायका हात लावत नाहीत.

एकच प्रश्न धरा

वर्षभर ऐकलं की वहीत वीस प्रश्न साठतात: पाळी, पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, मूल न होणं, तांबीचा त्रास, नवऱ्याची मारहाण, दारू, पाणी. सगळे खरेच असतात. तरी पहिल्या दोन वर्षांसाठी त्यातला एकच निवडा. निवडताना पाहायचं एवढंच, की त्यात अन्याय दिसतो का, आकडा मोजता येतो का आणि जबाबदार कोण ते सांगता येतं का.

आमचा प्रश्न आम्ही निवडलाच नाही, तो समोर येऊन बसला. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा विषय राज्यभर गाजला. विधान परिषदेत चर्चा झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य विभागाच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण साधारण ३ टक्के आहे. वयोगटाची तुलना तंतोतंत नसली तरी केवढी तफावत आहे ते दिसतं. त्यामागचं गणित गावात कोणीही सांगेल. जोडप्याचा मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधी घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. फडात ना संडास, ना आडोसा, ना पाणी. पाळीच्या चार दिवसांत कपडा बदलायचा कुठे? त्यातून संसर्ग, पोटदुखी, पांढरं जाणं. ते गोळ्यांनी बरं होऊ शकतं, पण दवाखान्यात सांगतात, "दोन पोरं झाली ना, आता पिशवीचा काय उपयोग?"

मोजणी अशी करा. गावाचा हातनकाशा काढून घराघरावर खूण. प्रत्येक बाईला चारच प्रश्न: पिशवी काढली तेव्हा वय किती होतं, कशासाठी काढली, त्याआधी कोणती औषधं किंवा तपासण्या झाल्या, कागद आहेत का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "नाहीत" असंच येतं, आणि लढायची वेळ आली की नेमके तेच लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून बायकांना सवय लावायची: डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, पावती, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी. आपले कागद मागायचा पेशंटला हक्क आहे आणि मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे. तोंडी न मागता अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या.

पुढचं बळ वरून मिळतं. अनावश्यक गर्भपिशवी शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. जिल्हा पातळीवर देखरेख समिती असायला हवी, आणि ४० च्या आतल्या बाईची पिशवी काढली तर कारणासकट नोंद व्हायला हवी. तुमच्या जिल्ह्यात समिती बसली का, किती बैठका झाल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि ३० दिवस वाट पाहा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा गाऱ्हाणं न मांडता नेमका प्रश्न लिहा.

कार्यकर्ती कोण

शिकलेली, चुणचुणीत, नुकती लग्न होऊन आलेली सून सगळ्यांना आवडते. पण घराबाहेर पडायला तिला तिघांची परवानगी लागते आणि वर्षात दिवस जातात. आमच्या टिकलेल्या कार्यकर्त्या पस्तिशीच्या पुढच्या आहेत. काही टाकलेल्या, काही विधवा, सहीपुरतं लिहिणाऱ्या. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच करून दाखवलं. निरक्षर, बऱ्याचदा दलित बायका गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, आणि रात्रीच्या गप्पांत जे शिकत ते दिवसाच्या वर्गात शिकायला मिळालं नसतं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराची गोष्ट सगळे सांगतात, मुक्कामाची कोणी सांगत नाही. तुमच्या प्रशिक्षणात एक रात्र धराच. पांघरूण एक असलं की जातही जरा सैल होते.

जातीचं स्पष्टच सांगते. सगळ्या कार्यकर्त्या एकाच आळीच्या असतील तर दुसऱ्या आळीची बाई तुमच्याकडे यायची नाही, आणि त्याचं कारणही तुम्हाला सांगायची नाही. पहिल्या पाचांत वस्तीवरच्या दोघी तरी हव्यात.

पुरंदर तालुक्यात 'मासूम' या संस्थेने १९८७ पासून जे काम केलं त्यातून आम्ही एक गोष्ट उचलली: आधी स्वतःचं शरीर. आरसा, टॉर्च आणि स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत पाहायचं साधन) घेऊन बाईने स्वतःच्या पिशवीचं तोंड पाहायचं. लाज वाटते, नाही असं नाही. पण निरोगी तोंड कसं दिसतं हे एकदा पाहिलेल्या बाईला "सडलंय" म्हणून फसवणं अवघड जातं. हे शिकायला माहीतगार बाईच हवी. निर्जंतुकीकरण येत नसेल तर स्पेक्युलमला हात लावू नका, आरशावर भागवा.

मर्यादा पहिल्या दिवशी ठरवा. आपण इंजेक्शन देत नाही, गर्भपाताच्या गोळ्या हातात ठेवत नाही, ताप आला की सलाईन लावा म्हणत नाही. आपण माहिती देतो, सोबत जातो, कागद सांभाळायला लावतो. सोबत जाणं हे केवढं काम आहे ते जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि मानधन द्या. थोडं द्या पण दर महिन्याला, ठरल्या तारखेला. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने प्रवासखर्च निम्म्यावर आला. तो वाचलेला पैसा आम्ही मानधनात घातला.

वहीत काय लिहायचं नाही

आमची सगळ्यांत मोठी चूक इथे झाली. पहिल्या वर्षी एका कार्यकर्तीने प्रामाणिकपणे वहीत लिहिलं: नाव, गाव, 'गर्भपातासाठी नेले, नवऱ्याला माहीत नाही'. वही घरातल्या फळीवर होती. तिच्या दिराने ती वाचली, आणि चार दिवसांत गोष्ट गावभर झाली. ती बाई चार महिने माहेरी पडून होती. कार्यकर्तीचा हेतू वाईट नव्हता, तिला नोंदी कशा ठेवायच्या हे आम्हीच शिकवलं नव्हतं.

आता आमच्याकडे गावच्या वहीत फक्त नंबर असतो. नाव आणि नंबर जुळवणारा कागद एकाच बाईकडे, कुलपात. गर्भपात, हिंसाचार, एचआयव्ही, या तिन्हींची नोंद गावात होतच नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला की त्या महिन्याच्या बैठकीत त्यावर चर्चा होते, आणि ती चर्चा गोड नसते. पैसे देणाऱ्या संस्थेने 'लाभार्थींची यादी' मागितली तर आकडे द्या. नावं मागितली तर लेखी नकार द्या.

कायदा तोंडपाठ हवा

गर्भपाताबद्दल आमच्या भागातली समजूत म्हणजे "तो गुन्हा आहे". आशाताईची तीच, सरपंचाची तीच, काही डॉक्टरांचीसुद्धा. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो असा आहे: २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवडे काही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांच्या मताने. त्यात बलात्कारातून दिवस गेलेल्या, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या अशा स्त्रिया येतात. २४ च्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण आता अविवाहित बाईलाही लागू आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने २४ आठवड्यांच्या मुदतीतही विवाहित-अविवाहित असा भेद चालणार नाही असं सांगितलं.

घोकून घ्यायची ओळ ही: १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात नाही. दवाखान्यात मात्र ती सर्रास मागतात. "कोणत्या कलमात आहे, लिहून द्या" असं आमची कार्यकर्ती शांतपणे म्हणते, आणि बहुतेक वेळा तो कागद ड्रॉवरमध्ये परत जातो. बाईची ओळख उघड करणं हा त्याच कायद्याखाली शिक्षेचा गुन्हा आहे. खासगी दवाखान्यात मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. नसेल तर तिथून उठा.

१८ च्या आतली मुलगी असेल तर पालकाची लेखी संमती लागते आणि पोक्सोमुळे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं. २०२२ च्या त्याच निकालाप्रमाणे मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव-गाव त्या माहितीत देण्याची गरज नाही. हे एक वाक्य माहीत नसल्यामुळे मुली भोंदूकडे जातात.

आता शब्दांचं. 'स्त्री-भ्रूणहत्या' हा शब्द आमच्या पत्रकांतून आम्ही काढून टाकलाय. महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोठी चळवळ झाली. १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा इथे झाला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तो कागदावरच राहतोय म्हणून २००० साली 'सेहत' आणि 'मासूम' या आपल्याकडच्या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासोबत सुप्रीम कोर्टात गेल्या. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'ने गरोदर बाईला पाठवून डॉक्टर रंगेहाथ पकडून दिले. हे सगळं अभिमानाचं आहे. पण 'हत्या' शब्द भिंतीभिंतीवर रंगवला गेला आणि गर्भपात करणारी प्रत्येक बाई खुनी ठरली. लिंग तपासणं गुन्हा आहे, गर्भपात कायदेशीर आहे. दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणायची सवय लावा. पत्रकावर 'लिंगनिवड' लिहा.

सरकारी दवाखाना आपला आहे

सरकारी दवाखान्यावर नुसती टीका करत राहिलं की बाई खासगीत जाते, आणि पिशवी तिथेच निघते. तेव्हा दवाखाना सुधारून घ्यायचा. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले जिल्हे पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद, आणि राज्य पातळीवर समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे. गावाने आपल्या उपकेंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं, ही पद्धत तिथे पक्की झाली. तुमच्याकडे असा प्रकल्प नसला तरी पद्धत कोणाच्या मालकीची नाही.

जनसुनवाईच्या आधी तीन महिने तयारी लागते. एक विषय घ्या. समजा, बाळंतपणाला पैसे लागले का? २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं फुकट आहे. वर्षभरात बाळंत झालेल्यांकडे जा आणि बाहेरून आणलेल्या औषधांच्या पावत्या मागा. कोणाला किती लागले ते एका तक्त्यात मांडा. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला महिनाभर आधी पत्र आणि प्रश्नांची यादी द्या, अचानक पकडायचं नाही. बोलणाऱ्या बायकांची तालीम घ्या, घड्याळ लावून, प्रत्येकी तीन मिनिटं. आणि शेवटी अधिकारी जे कबूल करतील ते तिथेच लिहून, वाचून, सही घ्या. चहा सहीनंतर.

एक पथ्य पाळा: आशाताईला आरोपी करायचं नाही. ती त्याच गावची सून, तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारी. औषध नसतं ती चूक वरची असते, शिव्या तिला बसतात. आमच्या पहिल्या जनसुनवाईत एक आशाताई रडत बाहेर गेली, आणि पुढचं वर्षभर त्या गावातून आम्हाला एक निरोप आला नाही.

ग्राम आरोग्य समितीला गावासाठी वर्षाला १० हजार रुपयांपर्यंतचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी येतो. बहुतेक गावांत त्यातून फवारणी आणि झाडू घेतात. ग्रामसभेत विचारलं तर त्यातूनच उपकेंद्रातल्या तपासणीच्या टेबलाला पडदा घेता येतो. पडद्यासाठी आम्ही दीड वर्ष भांडलो, हिरवा आहे.

गर्भनिरोधकांची माहिती देताना सगळे पर्याय एकदम ठेवा: निरोध, तांबी, दर तीन महिन्यांनी 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा), टाक्याचं आणि बिनटाक्याचं ऑपरेशन, आणि पुरुषांची नसबंदी. शेवटचं नाव घेतलं की बायका हसतात. हसू द्या, पण नाव घ्या.

नोंदणी, एकदाची

तिसऱ्या-चौथ्या वर्षी, बैठका आपोआप भरायला लागल्या की, सात जणी मिळून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. महाराष्ट्रात सोसायटी १८६० च्या कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखाली, दोन्हीकडे नोंदते. दरवर्षी ऑडिट, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. तो राहून गेला की दहा वर्षांनी भांडणात संस्था अडकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. संस्थेला आणि देणगीदारांना आयकर सवलत देणारी प्रमाणपत्रं त्यानंतर, कंपन्यांचा पैसा घ्यायचा तर सीएसआर-१ हा फॉर्म. परदेशी निधीची परवानगी ही वेगळीच डोकेदुखी आहे. किमान तीन वर्षांचं काम आणि तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, पैसा दिल्लीतल्या एकाच बँक शाखेत येतो, आणि २०२० पासून तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. लहान संघटनेने त्या वाटेला घाईने जाऊ नये असं माझं मत.

उद्देशांत 'प्रजनन आरोग्य आणि हक्क' हे शब्द स्पष्ट घाला. 'महिला सक्षमीकरण' असं मोघम लिहिलं की उद्या कोणीही शिलाई मशीन वाटायला लावतं. आणि कार्यकारिणीत नवरे नकोत. माझा पण नाही.

पैसा कोणाचा

वर्गणीपासून सुरुवात. वर्षाला वीस रुपये का होईना, पावती फाडून घ्या. पावती घेतलेली बाई "आमची संघटना" म्हणते. बचत गट आणि संघटना एक करू नका. हप्ता थकला की बाई बैठकीला यायची बंद होते, आणि तिचं दुखणंही तिच्याबरोबर जातं.

नसबंदीच्या आकड्यांशी जोडलेला पैसा कधीही घेऊ नका, कितीही गरज असली तरी. देशात १९९६ मध्येच कुटुंबनियोजनाची टार्गेटं अधिकृतपणे काढली गेली. तरी २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या शिबिरात ऑपरेशननंतर बायका दगावल्या, आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाला शिबिरं बंद करण्याचे आदेश द्यावे लागले. आकडा मागणारा निधी बाईकडे आकडा म्हणूनच पाहायला शिकवतो.

विरोध

तो होणारच. आमच्याबद्दल "पोरी बिघडवतात" पासून "डॉक्टरकडून हप्ते घेतात" पर्यंत सगळं बोललं गेलं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तर त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांच्या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि तो खटला ते हरले. त्यामानाने आमचं बरं चाललंय.

व्यवहारात एवढं पाळा: कागद हातात असल्याशिवाय सभेत डॉक्टरचं नाव घेऊ नका, बदनामीची नोटीस येते. तक्रार नेहमी बाईच्या सहीने, तिला पूर्ण वाचून दाखवून. ती मागे हटली तर हटू द्या. रात्री एकटी कार्यकर्ती कुठे जाणार नाही. मारहाणीची केस असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि सरकारचं सखी केंद्र यांचे नंबर पाठ हवेत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं ते याच जाणिवेतून, की मार खाल्लेली बाई पोलिसांआधी दवाखान्यात येते. तुमच्याकडे असं केंद्र नसेल तर ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरशी ओळख ठेवा.

दुसरं गाव, विसावं गाव

पहिली तीन वर्षं पाच-सात गावांच्या पुढे जाऊ नका. दुसऱ्या गावात बोलावणं आल्याशिवाय जायचं नाही, आणि पहिली बैठक पहिल्या गावातल्या बाईने घ्यायची, ताईने नाही. मी मुद्दाम दर वर्षी दोन महिने बैठकांना जात नाही. पहिल्या वर्षी निम्म्या बैठका बुडाल्या. मला आतून जरा बरंही वाटलं होतं, हे कबूल करते. आता बुडत नाहीत आणि माझी चौकशीही फारशी होत नाही.

कोयते निघाले की संघटनाही निघते, हे आम्हाला उशिरा कळलं. सहा महिने गाव जिथे राहतं तिथे बैठक का नको? मागच्या हंगामात कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या तळावरून फोनवर फोटो आला. पालाबाहेर सात-आठ जणी, मधोमध कापडाची पिशवी. आमची नव्हे, त्यांनी तिथेच शिवलेली, खताच्या गोणीचं अस्तर लावून. खाली निरोप होता: "एक नळी लांब झाली. कापूस नव्हता, पाचट भरलंय. पुढल्या बुधवारी परत बसणार हाव."